गाडीला अर्थ नाही

लाँड्रीवाल्या काकूंची गाडी समोरून आली की नवखा माणूस आपोआप रस्त्याच्या कडेला सरकायचा. मान देण्यासाठी नव्हे. ती गाडी म्हणजे एके काळची अँब्युलन्स होती. डोंगरावरच्या हॉस्पिटलने ती मोडीत काढली तेव्हा काकूंनी ती घेतली, भोंगा उतरवला, स्ट्रेचरच्या जागी गाठोडी ठेवायला फळ्या ठोकून घेतल्या आणि वरून पांढरा रंग मारला. तरी ऊन चढलं की रंगाखालून जुना लाल पट्टा डोकं वर काढायचाच. तेव्हापासून काकू त्याच हॉस्पिटलच्या चादरी, अभ्रे आणि डॉक्टरांचे कोट खाली आणायच्या आणि धुऊन, इस्त्री करून परत वर पोचवायच्या. "आधी पेशंट न्यायची, आता पेशंटच्या चादरी नेते. बढती झाली की बदली, ते तिचं तिलाच माहीत," असं काकू म्हणायच्या.

लाँड्री म्हणजे एक लांबट खोली. मागे भट्टी आणि हौद, मध्ये वाळवणाच्या तारा, पुढे इस्त्रीचं टेबल आणि त्याला लागून घडी घालायचं टेबल. घडीच्या टेबलावर जस्ताचा मोठा पत्रा ठोकलेला होता, ओल्या कपड्यांनी लाकूड कुजू नये म्हणून. पत्र्याच्या एका बाजूला चादरींची चवड असायची आणि दुसऱ्या बाजूला काकांचं राज्य. पेपर, चष्म्याचं घर, चहाचा कप, कानात घालायच्या काड्या, सगळं तिथेच. काका म्हणजे काकूंचे यजमान. इस्त्रीत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, पण तोंडही इस्त्रीसारखंच, कायम गरम आणि कायम फिरतं. "अगं, साबण जास्त पडला." "अगं, पाणी उतू चाललं." "अगं, तो कोट डॉक्टरांचा आहे, हॉटेलातल्या वेटरचा नाही." डोळा उघडल्यापासून डोळा लागेपर्यंत 'अगं'.

म्हणून काकूंना डोंगराचा रस्ता आवडायचा. चढ उभा, वळणं आवळलेली, गुडघा कुरकुरायचा, पण त्या रस्त्यावर त्यांना कोणी 'अगं' म्हणत नसे. निघताना त्या स्टिअरिंगवर हात ठेवून क्षणभर डोळे मिटायच्या. "देवा, रस्ता तुझा, ब्रेक माझे," एवढंच म्हणायच्या. मग वर जाईपर्यंत मनात नाम चालायचं. देव्हाऱ्यासमोर बसलं की कोणीतरी हाक मारायचंच. गाडीत कोणी मारत नसे. काकूंचं सगळं देवदेव त्या चढावर व्हायचं.

या सुखाला दृष्ट लागली ती खाणीमुळे.

डोंगराच्या निम्म्यावर दगडाची खाण निघाली आणि भरलेले ट्रक खाली यायला लागले. रस्ता एका गाडीपुरता. मोबाइलला तिथे रेंज नाही. म्हणून ट्रकवाल्यांनी सीबी रेडिओ, म्हणजे गाडीतून गाडीत बोलायचे वायरलेस, बसवून घेतले. प्रत्येक जण वळणावर पोचला की बटण दाबून सांगायचा, "भरलेली, पाचवं वळण, खाली," आणि खालून चढणारा रुंद जागा बघून थांबायचा. काकूंच्या गाडीत रेडिओ नव्हता. त्या हॉर्न वाजवत जायच्या.

एके दिवशी पायथ्याशी खाणवाल्यांनी घातलेल्या फाटकावरच्या मुकादमाने त्यांना थांबवलं. मुकादम वयाने मुलासारखा, आवाज मात्र सासऱ्याचा.

"काकू, सोमवारपासून रेडिओ नसलेली गाडी वर सोडायची नाही, असं ठरलंय. तुमची पण नाही."

"अरे, पण मी तुमच्या खाणीच्या आधीपासून जातेय इथून."

"म्हणूनच सांगतोय. पुढेही जायला पाहिजे ना तुम्ही? रेडिओ बसवा. तिसऱ्या वळणावरून बोला, मला इथे फाटकात शब्द कळले पाहिजेत. नाहीतर हॉस्पिटलचे कपडे आमच्या कॅम्पातल्या मशीनमध्ये धुऊन होतील. तसं वर बोलणं झालंय."

काकूंनी वर जाऊन मोठ्या सिस्टरना विचारलं. सिस्टर म्हणाल्या, "तुमच्या चादरीला कधी वास आला नाही, काकू. पण रस्ता त्यांचा मुकादम बघतो. माझं तिथे काय चालणार?"

म्हणजे हातातलं निम्मं काम जाणार, आणि कामापेक्षा जास्त, तो रस्ता जाणार. उरलेला जन्म त्या पत्र्याच्या टेबलासमोर 'अगं' ऐकत काढायचा.

घरी सांगितलं तर काकांनी इस्त्री उभी करून ठेवली आणि चेहऱ्यावर समाधान पसरलं. "अगं, सुंठीवाचून खोकला गेला. तुझा गुडघा किती दिवस सांगतोय, सोड म्हणून. मी पण सांगतोय."

"गुडघा तुमच्यापेक्षा कमी बोलतो," काकू म्हणाल्या. "रेडिओ बसवायचा. उठा."

गावात रेडिओचं दुकान एकच होतं. दुकानदाराला तोंडावर सगळे मामा म्हणायचे आणि पाठीमागे सुतकी. कारण त्याचा चेहरा कायम नुकतंच कोणीतरी गेल्यासारखा. हात चांगला, पण बोलणं असं की धडधाकट माणूस दुकानातून खचून बाहेर पडावा. "हा पंखा दुरुस्त होईल का?" विचारलं तर, "होईल. पण फिरून फिरून जाणार कुठे तो?" असं म्हणणारा माणूस. नवराबायको नवा टीव्ही घ्यायला आली तर, "घ्या. तेवढंच मन रमतं," असं सांगून नेऊ द्यायचा.

काकूंबरोबर काका गेले आणि काकांबरोबर भावजी गेले. भावजी म्हणजे काकांचे धाकटे भाऊ. तरुणपणी बोटीवर नोकरीला होते. बोटीच्या स्वयंपाकघरात कांदे कापायचं काम होतं, पण त्या भांडवलावर भावजी वारा, समुद्र, होकायंत्र आणि वायरलेस या चारही विषयांत शेवटचा शब्द आपला ठेवायचे.

रेडिओची निवड पटकन झाली, कारण मामाकडे एकाच जातीचा होता. घोडं अडलं ते अँटेनापाशी. मामाने काउंटरवर तीन अँटेना मांडले. एक सरळ लांब काठी, गाडीपेक्षा उंच वाटावी अशी. दुसरा त्याहून आखूड, बुडाशी जाड स्प्रिंग. तिसरा हातभर, चकचकीत, बुडाला लोहचुंबक.

"हा मधला घ्या," मामा म्हणाला. "अँटेना जितका लांब तितका आवाज लांब जातो. पहिला सगळ्यात चांगला, पण तुमच्या दाराला अडकून मोडेल. हा अडकला तर स्प्रिंगवर वाकेल आणि परत उभा राहील. मोडायचं आहे सगळ्यांनाच, पण हा जरा उशिरा मोडेल."

काकूंना ते पटलं. लाँड्रीचं फाटक बुटकं होतं, हॉस्पिटलचा पोर्च त्याहून बुटका. "मधला द्या," त्या म्हणाल्या.

"अगं, थांब," काका म्हणाले. "त्याला टपाला भोक पाडावं लागेल. भोक पाडलं की पाणी गळणार. पाणी गळलं की चादरी ओल्या. त्यापेक्षा हा चुंबकाचा. ठेवला की चिकटला."

"वहिनी, बोटीवर सगळं चुंबकावरच चालतं," भावजी म्हणाले.

"भावजी, बोट लोखंडाची असते."

"मग गाडी काय पिठाची आहे का?"

दोघे एकदम हसले. मामा हसला नाही. तो म्हणाला, "गाडी कसली आहे ते बघून मग ठरवा," पण तोवर काकांनी चुंबकवाला अँटेना पिशवीत टाकलेला होता. काकूंनी वाद घातला नाही. घरी भट्टी पेटलेली होती आणि चादरी भिजत पडल्या होत्या. वाद घालायलाही निवांतपणा लागतो.

घरी आल्यावर काका स्टुलावर चढले, अँटेना ऐटीत टपाच्या मधोमध ठेवला आणि हात सोडला. अँटेना घरंगळत समोरच्या काचेवरून बॉनेटवर येऊन पडला. पुन्हा ठेवला. या वेळी मागच्या बाजूने पडला आणि भावजींच्या खांद्यावर आपटला.

अँब्युलन्सचं टप फायबरचं होतं. पुढून मागून, वरून सगळं फायबर. लोखंड होतं ते दारांना आणि खालच्या चासीला, म्हणजे सांगाड्याला. काकू ती गाडी इतकी वर्षं धूत होत्या, त्यांना ते ठाऊक होतं. भावजींना बोलताना त्यांच्या ओठावर आलेलंही होतं, पण दुकानात त्या हशापुढे त्यांनी तोंड मिटून घेतलं होतं. आता त्या नुसत्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"अगं, आधी सांगायचं ना," काका वरून म्हणाले.

काकूंनी आभाळाकडे पाहिलं. देवाकडे पाहायचं होतं, वाटेत काका आले.

मग काकांनी कुठलासा घट्ट गोंद आणून अँटेना टपाला चिकटवला. चिकटला. उरलेल्या केबलची भावजींनी सुरेख गुंडाळी करून सीटखाली सरकवली. रेडिओ सुरू केला तर नुसता तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा आवाज. शेवटी काकूंनी मामाला बोलावणं धाडलं.

मामा आला, छोटा मीटर घेऊन. त्याने रेडिओ आणि अँटेनाच्या मध्ये मीटर जोडला, बटण दाबलं आणि काकूंना काटा दाखवला. "हा डावीकडे राहिला पाहिजे. तुमचा लालात चाललाय. म्हणजे तुमचं बोलणं बाहेर जातच नाही, उलटून रेडिओतच येतं. जास्त बोललात तर रेडिओ जळेल."

"आमच्या घरात सगळं असंच आहे," काकू म्हणाल्या. "मी बोलते ते उलटून मलाच येतं."

मामाने वाकून गाडीखाली पाहिलं, टपावर बोटाने टकटक केलं, आणि मान हलवली. त्या मान हलवण्यात जगातलं सगळं दुःख होतं. "अर्थच नाही हो याला," तो म्हणाला. "अर्थ नसेल तर कितीही धडपड करा, सगळं फुकट आहे."

"बरोबर," काका म्हणाले. "अगदी बरोबर."

"तुम्हाला कळलं ना? मग बघा तेवढं."

"हो हो, कळलं."

इतक्यात सभागृहाचा लाउडस्पीकर बिघडला म्हणून मामाला न्यायला माणसं आली आणि मीटर खिशात टाकून मामा गेला.

काकू गाडीच्या पायरीवर बसल्या. मामा असाच बोलतो, हे त्यांना माहीत होतं. पण काही दिवस असे असतात की माणसाला नेहमीचं बोलणंही लागतं. अर्थच नाही याला. सगळं फुकट आहे.

काकांना तर आयतं कोलीत मिळालं. जो येईल त्याला, कपडे टाकायला येवो की न्यायला, ते सांगू लागले, "तज्ज्ञ माणूस घरी येऊन सांगून गेला. अर्थ नाही म्हणाला. मी हेच म्हणत होतो, पण घरच्या माणसाचं ऐकतंय कोण?"

भावजी मात्र हार मानणारे नव्हते. त्यांचं म्हणणं, जागा चुकली. त्यांनी गोंद खरवडून अँटेना पुढच्या बंपरवर आणला. बंपर प्लॅस्टिकचा. मग मागच्या शिडीवर. शिडी फायबरमध्ये रुतवलेली. दर वेळी गोंद, दर वेळी दोरी, दर वेळी "वहिनी, आता बोला." वहिनी बोलायच्या, रेडिओ खरखरायचा. मामाने जास्त बोलू नका म्हणून बजावलं होतं, ते भावजींच्या गावीही नव्हतं. हे सगळं भट्टीवर पाणी उकळत असताना, इस्त्रीचे कोळसे विझत असताना आणि हौदात चादरी आंबत असताना. काकूंच्या नाकी नऊ आले. "रेडिओ बसवायला काढला की माझं दहावं काढलंय तुम्ही दोघांनी?" त्या म्हणाल्या. दोघे दोरीची गाठ कुठली मारायची यावर भांडत होते.

शुक्रवारी मुकादमाने चाचणी घेतली. काकू तिसऱ्या वळणावर गेल्या, गाडी बाजूला घेतली, बटण दाबलं. "लाँड्री, तिसरं वळण, वर."

उत्तर नाही. पुन्हा बोलल्या. खरखर. तिसऱ्यांदा बोलण्यासाठी तोंड उघडलं आणि वळणावरून दगडांनी भरलेला ट्रक समोर आला. ट्रकवाल्याने ब्रेक दाबला, चाकं घासली, आणि ट्रक असा थांबला की काकूंना त्याच्या नंबरप्लेटवरचा चिखल दिसत होता.

ट्रकवाला खाली उतरला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "काकू, मी चौथ्या वळणावर ओरडून सांगितलं. तुम्ही बोलायचं ना थांबा म्हणून."

"बोलत होते रे मी," काकू म्हणाल्या. त्यांचे हात स्टिअरिंगवरून निघत नव्हते.

फाटकात मुकादम म्हणाला, "काकू, मला वाटलं कोणीतरी हौदात बुडतंय. नुसते बुडबुडे. सोमवारी शेवटचं बघू. नाही जमलं तर राग मानू नका."

घरी येताना काकू पहिल्यांदाच त्या रस्त्यावर नाम विसरल्या. आपलं हट्टापायी काही चुकतंय का, असं मनात आलं. आपल्यामुळे त्या ट्रकवाल्याला काही झालं असतं तर? 'देवा,' त्या मनात म्हणाल्या, 'थांब म्हणायचं असेल तर स्वतः सांग. त्या सुतकीच्या तोंडून नको सांगूस.' संध्याकाळी त्यांनी काकांना काही सांगितलं नाही. पण काकांना ट्रकवाल्याकडून कळलंच. ते पहिल्यांदाच काही बोलले नाहीत. नुसता चहा करून पुढे ठेवला. चहात साखर विसरले होते. काकूंना ते गप्प राहणं बोलण्यापेक्षा जड गेलं.

रविवारी दुपारी मामा आपले शर्ट न्यायला आला. काकू चादरींच्या घड्या घालत होत्या. मामाने शर्ट मोजले, नेहमीसारखा निःश्वास टाकला आणि जाता जाता विचारलं, "मग, दिलात का अर्थ?"

"कशाला?"

"गाडीला."

काकूंच्या हातातली चादर खाली गेली. सगळा आठवडा त्यांच्या डोक्यात साठला होता. "मामा, गाडीला अर्थ मी कुठून देऊ? मला माझ्या जन्माचा अजून लागलेला नाही. आणि तुम्हाला लागला असला तर तुमच्याजवळच ठेवा. मला सोमवारी वर जायचंय. येणाऱ्याजाणाऱ्याने मला नुसतं तत्त्वज्ञान ऐकवायचं, आणि अँटेना आहे तो दोरीला लटकतोय."

मामा आयुष्यात पहिल्यांदाच गोंधळला. "तत्त्वज्ञान कुठलं? वायरीचं बोलतोय मी. अर्थ. अर्थिंग. ती तुमच्या पाण्याच्या पंपाला नाही का, तिसरी वायर, जमिनीत गेलेली? ती नसली की शॉक बसतो."

काकूंनी खिडकीतून पंपाकडे पाहिलं. पंपाची हिरवी वायर भिंतीवरून उतरून जमिनीत गेलेली. घरात तिला सगळे हिरवी म्हणत, त्यामुळे तिचं खरं नाव कोणाला माहीतच नव्हतं.

मग काकूंनी हळूहळू मान वळवून काकांकडे पाहिलं. काका पेपरातली नोकरीविषयक पानं फार मन लावून वाचत होते.

"तुम्ही 'बरोबर' म्हणालात," काकू म्हणाल्या. "'अगदी बरोबर' म्हणालात. 'कळलं' म्हणालात."

"मग चूक काय म्हणालो? अर्थ नाही म्हणाले. नव्हताच."

मामा त्या दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिला. त्याला उलगडा झाला तसा त्याच्या ओठाचा एक कोपरा किंचित हलला. लगेच त्याने तो जागेवर आणला. "अहो वहिनी, अँटेना म्हणजे निम्मंच काम. उरलेलं निम्मं त्याच्या खालचा पत्रा करतो. एकाच खांबाला दोरी बांधून तुम्ही चादर वाळत घालाल का? दुसरा खांब लागतो. साध्या गाडीला टपाचा पत्रा तोच खांब. तुमचं टप फायबरचं. दुसरा खांबच नाही. टपावर पत्रा टाका, त्यातून अँटेना उभा करा, पत्र्यापासून जाड वायर काढून खाली चासीला आवळा. झाला अर्थ."

"पत्रा केवढा?"

मामाने दोन्ही हात पसरले. "एवढा तरी हवा."

काकूंची नजर मामाच्या हातांवरून घडीच्या टेबलावर गेली. काकांची नजरही तिकडेच गेली, आणि त्यांनी पटकन चहाचा कप हातात घेतला, जणू तेवढ्याने टेबल वाचणार होतं.

"अगं, नाही हं. माझं सगळं त्यावर असतं."

"मग आता उचला सगळं," काकू म्हणाल्या. "आणि पकड द्या इकडे. खिळे मी काढते."

चुंबकाचा अँटेना मामाने मुकाट परत घेतला आणि स्प्रिंगवाला आणून दिला. टपाला भोक पाडताना काकांनी डोळे मिटून घेतले. मामाने वरून रबराची चकती बसवली, पत्रा चारी कोपऱ्यांना आवळला. वायरीचं दुसरं टोक घेऊन काकू स्वतः गाडीखाली शिरल्या, गुडघ्याखाली जुना अभ्रा घेऊन. "रंगावर नका आवळू," मामा वाकून सांगत होता. "खरवडा. लोखंड उघडं पडलं पाहिजे." काकूंनी खरवडलं. आधी पांढरा रंग निघाला, मग खालचा लाल, मग गंज, आणि मग चकाकी. बोल्ट आवळताना त्यांनी दात असे दाबले, जणू त्या बोल्टच्या जागी दुसरंच कोणी होतं. भावजींनी गुंडाळलेली केबलही मामाने उलगडली आणि जास्तीची कापली. तेव्हा भावजी म्हणाले, "बोटीवर आम्ही गुंडाळायचो." मामा म्हणाला, "बोट कुठे आहे आता?" भावजींनी कापलेला तुकडा उचलून खिशात घातला.

मीटर लावला. बटण दाबलं. काटा जरासा उठला आणि डावीकडेच थांबला. मामाने पहिलं चॅनेल पाहिलं, शेवटचं पाहिलं, अँटेनाची काठी नखभर खाली सरकवून स्क्रू आवळला, आणि पुन्हा पाहिलं.

"आता आहे अर्थ," तो म्हणाला. आणि सवयीने जोडलं, "अर्थात, गंजेल एक दिवस."

सोमवारी फाटकात मुकादम हाताची घडी घालून उभा होता. शुक्रवारचा ट्रकवालाही रिकामा ट्रक घेऊन तिथेच थांबलेला होता. काकूंनी स्टिअरिंगवर हात ठेवला. "देवा, रस्ता तुझा, ब्रेक माझे," त्या म्हणाल्या, आणि थोडं थांबून, "अर्थ मामाचा."

तिसऱ्या वळणावर त्यांनी गाडी बाजूला घेतली. अंगठ्याने बटण दाबलं. "लाँड्री, तिसरं वळण, वर. चादरी आहेत, जपून या."

त्यांनी बटण सोडलं. मग मुकादमाचा इतका स्वच्छ आवाज आला की काकू दचकल्या.

"काकू, ओरडू नका. शेजारी बसून बोलल्यासारखं ऐकू येतंय."

त्याच्या मागोमाग वरून दुसरा आवाज. "भरलेली, पाचवं वळण, खाली. मी इथे थांबतो, काकू. या तुम्ही."

काकूंनी पहिला गिअर टाकला. टपावरची काठी डुलत होती, वर हॉस्पिटलच्या पोर्चला घासून वाकली आणि पुन्हा सरळ झाली. मोठ्या सिस्टरनी गाठोडी मोजून घेताना विचारलं, "जमलं?" काकू म्हणाल्या, "लागला एकदाचा." काय लागला ते सिस्टरनी विचारलं नाही. गाठोडी पुष्कळ होती.

इथे ही गोष्ट संपली असती तर काकूंचं आयुष्य सुरळीत आहे असं म्हणावं लागलं असतं. पण त्याच आठवड्यात काकांनी मामाच्या दुकानातून दुसरा रेडिओ आणला आणि लाँड्रीच्या गच्चीवर लांब काठीचा अँटेना उभा केला. शुक्रवारचं ऐकल्यापासून म्हणे त्यांचं इस्त्रीत लक्ष लागत नव्हतं. हे त्यांनी काकूंना सांगितलं नाही, भावजींना सांगितलं, आणि भावजींच्या पोटात काय राहतंय? काकूंना ते ऐकून जरा बरंही वाटलं. तो बरेपणा दुसऱ्या वळणापर्यंत टिकला.

"अगं, ऐकतेस का?"

काकूंनी रेडिओकडे असं पाहिलं, जसं माणूस चपलेतून निघालेल्या विंचवाकडे पाहतो.

"अगं, वळणावर दुसरा गिअर टाक. आणि क्लचवर पाय ठेवू नकोस, प्लेट झिजते."

"काका, टाकलाय त्यांनी," वरून कुठल्या तरी ट्रकचा आवाज आला. "तुम्ही इस्त्री बघा. जळाल्याचा वास इथवर येतोय."

"लाईन मोकळी ठेवा," मुकादम म्हणाला. "घरचं घरी बोला."

"घरी ती ऐकते कुठे? अगं, तो हॉर्न..."

चॅनेल बदलायची सोय नव्हती, रस्त्याचं चॅनेल तेच. काकूंनी गाडी रुंद जागी घेतली. समोर दरी, वर आभाळ, आणि मधोमध काका. त्यांनी डोळे मिटले, देवाला एक शब्द सांगितला, कदाचित आधीच माफी मागितली असेल, आणि बटण दाबलं.

"अहो, तुमचं काहीच कळत नाहीये. नुसती खरखर. तुमच्याकडे अर्थ नाही बहुतेक."

"अर्थ नाही?" काकांचा आवाज आला, चांगला खणखणीत. "मग काय करू?"

"गच्चीवरून जाड वायर खाली आणा आणि अंगणात खड्डा खणा. चांगला खोल."

"केवढा खोल?"

"मी परत येईपर्यंत होईल तेवढा."

थोड्या वेळाने कुदळ शोधत असल्याची खडखड ऐकू आली. बटण दाबलेलंच राहिलं असावं. मग तेही सुटलं. "रिकामी, पहिलं वळण, वर," कोणीतरी हसू दाबत म्हणालं. काकूंनी ब्रेक सोडला, दुसरा गिअर टाकला, आणि नाम जिथे तुटलं होतं तिथून पुन्हा धरलं.